उभ्या रेघेची रात्र

रात्री पावणेदोनला फोन वाजला की दोनच शक्यता असतात: गावाकडे कुणीतरी आजारी आहे, नाहीतर अमेरिकेत कुणाची तरी ऑर्डर अडकलीय. "तुझाच असणार," कूस बदलत बायको म्हणाली आणि पुन्हा घोरायला लागली. माझाच होता.

मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून कॉलवर गेलो. तिथे अकरा माणसं होती. त्यातली नऊ ‘ईटीए काय?’, म्हणजे ‘कधी होईल?’ एवढंच विचारायला आलेली. आमचा क्लायंट सुट्या भागांच्या ऑर्डरी मेनफ्रेम नावाच्या अगडबंब संगणकावरून पुरवठादाराला पाठवतो. माणसांनी माणसांना कागद पाठवायचे नाहीत, यंत्राने यंत्राला पाठवायचे, याला ईडीआय म्हणतात. ऑर्डरला ८५० म्हणायचं, बिलाला ८१०, पोचपावतीला ९९७. त्या दिवशी ८५० गेली होती, ९९७ आली नव्हती. गोष्ट एवढीच, पण तिकडे कारखाना थांबायची वेळ आली होती.

आता ही फाईल जाते कशी? तर बायसिंकने. १९६७ चा आयबीएमचा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसात कसं बोलायचं याचे नियम. माझ्याहून वयाने मोठा, त्यामुळे त्याच्याशी बोलताना मी मनातल्या मनात ‘अहो’ म्हणतो. त्याच्या घरात एका वेळी एकानेच बोलायचं. आधी ‘सिंक, सिंक’, म्हणजे ‘ऐकतोस ना, ऐकतोस ना?’ मग ‘एन्क’: ‘बोलू का?’ समोरून ‘ॲक’, म्हणजे ‘हो, मिळालं’, आला की माहितीचा पहिला ठोकळा पाठवायचा. पावत्याही आलटून पालटून, ॲक शून्य, ॲक एक, म्हणजे मधलाच ठोकळा हरवला तर कळतं. शिवाय ‘मिळालं, पण जरा दम धर’ यासाठी एक खूण, ‘थांब, देतोय’ यासाठी दुसरी आणि ‘तुझं पुरे, आधी माझं ऐक’ यासाठी तिसरी. माझ्या दोन मावश्या फोनवर बोलतात तेव्हा यातली फक्त तिसरी खूण वापरतात, तीही दोन्हीकडून एकदम.

लाईनचा ट्रेस, म्हणजे लाईनवरून काय गेलं-आलं त्याची नोंद, काढली. ३२ ३२ २डी. सिंक, सिंक, एन्क. मग ॲक, ॲक, ॲक, एकही चूक नाही. इतकी सभ्य बातचीत मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधी ऐकलेली नाही.

मग मला शंका आली ८० व्या रकान्याची. पंचकार्डाला ८० रकाने होते, म्हणून आमची फाईल आजही ८० अक्षरांवर तुटते. कार्डं गेली, सुंभ जळला तरी पीळ तसाच. ईडीआयच्या पाकिटावरची पहिली ओळ असते बरोबर १०६ अक्षरांची, त्यामुळे ती तुटते नेमकी वेळेच्या पोटात: १४३० मधले १४३ वर आणि ० खाली. सापडलं, म्हणून मी दीड तास त्या शून्याच्या मागे लागलो. मग कळलं की ते वर्षानुवर्षं तसंच तुटतंय आणि पलीकडे निमूटपणे जोडूनही घेतात.

साडेपाचच्या सुमारास पुरवठादाराकडून एक म्हातारा आवाज आला. निवृत्त झालेल्या आजोबांना त्यांनी घरून बोलावून आणलं होतं.

"पहिल्या ओळीचं चौथं अक्षर काय पाठवतोस रे तू?"

"उभी रेघ."

"मला उद्गारचिन्ह दिसतंय."

कॉलवर शांतता. ईटीएवाले नऊसुद्धा गप्प.

मेनफ्रेमच्या एबसिडिक लिपीत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, आणि कुठल्या आकड्याचं कुठलं अक्षर ते तक्त्यावर ठरतं. ४एफ हा आकडा ०३७ नंबरच्या तक्त्यात उभी रेघ असतो आणि ५०० नंबरच्या तक्त्यात उद्गारचिन्ह. पुरवठादाराने शनिवारी नवा सर्व्हर बसवला होता आणि तिथे कुणीतरी ५०० निवडलं होतं. सदतीसपेक्षा पाचशे भारदस्त वाटलं असावं! तरीही बिघडायला नको होतं. ओळीतले तुकडे वेगळे करणारं चिन्ह, म्हणजे विभाजक, कोणता ते त्या चौथ्या अक्षरावरूनच ओळखायचं, असा नियमच आहे. पण त्यांच्या कोबोल या जुन्या भाषेतल्या प्रोग्राममध्ये कुणीतरी उभी रेघ ठोकून ठेवली होती.

"कुणी लिहिलाय हा प्रोग्राम?" आमच्या मॅनेजरने जरा आवाज चढवून विचारलं.

"मी," आजोबा म्हणाले.

तक्ता बदलायला एक मिनिट लागलं. नंतरच्या मेलमध्ये कारणाच्या रकान्यात ‘नेटवर्क’ लिहिलेलं होतं. आमच्याकडे मेल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याने मेला म्हणतात, तसंच हे.

यात सात वाजले. बायको शाळेत शिकवायला निघून गेली होती. जाताना काहीतरी बोलली असणार, कारण तिचे ओठ हलताना दिसले होते आणि मी हेडफोन न काढता मान डोलावली होती. फ्रीजवर चिठ्ठी होती: ‘दूध संपलंय!!’

मी त्या दोन उद्गारचिन्हांकडे बराच वेळ बघत उभा राहिलो. मग खाली पेनाने ‘ॲक’ लिहिलं आणि झोपायला गेलो.