पाठीवरचा हात

पडद्याचा रॉड लावायचा होता. बस, एवढंच. दोन ब्रॅकेट, चार भोकं. त्यासाठी मी आठ दिवस ड्रिल मशीनचा अभ्यास केला, वॉट बघितले, चक, म्हणजे भोक पाडणारं बिट जिथे अडकतं तो जबडा, 10 मिलिमीटरचा घ्यावा की 13 चा यावर घरात बैठका झाल्या, आणि शेवटी जे मशीन आणलं त्याच्या खोक्यावर ठळक अक्षरात 'हॅमर' आणि त्याखाली 'मिनिटाला 48000 ठोके'. अठ्ठेचाळीस हजार! मला वाटलं भिंत आकडा ऐकूनच गार होईल.

आधी गिलावा भसाभसा निघाला. मी स्टुलावरूनच बायकोकडे बघून घेतलं. तिथे थांबायला हवं होतं. कारण त्यानंतर विटेचा लाल भुगा येईना, करडी पूड चिमूटभर येऊन बंद, आणि बिट जागच्या जागी किंचाळत गरगर फिरायला लागलं. खिडकीच्या वर काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असतं, आत सळया असतात, हे मला माहीत होतं हो, पण पडदा टांगायला नेमकी तीच जागा लागते हे स्टुलावर चढल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका.

"आवाज येतोय खाली."

मी सॉरी म्हणेपर्यंत काका चपला काढून आत. भिंतीला तळहात लावला, डोळे मिटले. मिटलेच राहिले. मला वाटलं झोपले.

"गरम झालीय."

"बिट गरम झालंय काका, भिंत नाही."

"तेच म्हणतोय मी. जोर कमी पडतोय तुमचा."

आणि मग, खरंच सांगतो, काका माझ्या मागे आले, एक हात माझ्या पाठीवर, एक कमरेला, आणि म्हणाले, "हं, आता चालू करा, मी आहे." मी चालू केलं. काका ढकलायला लागले. मी भिंतीला चिकटलो, गाल गिलाव्याला, तोंडात पूड, आणि मागून काकांचं चालूच, "पोट आत घ्या... श्वास सोडा... सोडा म्हणतोय ना." बाळंतपणाला आलेत की ड्रिलिंगला तेच कळेना. स्टूल डुगडुगतंय, बायको स्टूल धरून बसलीय, आणि मुलगा मोबाइलवर शूट करतोय. मधेच काकांनी हात बदलला आणि विचारलं, "वजन किती तुमचं?" म्हटलं कशाला? तर म्हणे, "नाही, ते पण लावता येईल."

चीड कशाची येते सांगू? काकांचं बरोबर होतं. या साध्या हॅमर ड्रिलच्या पोटात दोन दातेरी चकत्या असतात, एकमेकींवर घासून टकटक करतात, आणि तुम्ही मागून जेवढं रेटाल तेवढाच तो ठोका बसतो. ठोके हजारो, पण एकेक म्हणजे चिमणीने चोच मारल्यासारखा. याउलट रोटरी हॅमर नावाचं जे असतं त्यात पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा आतल्या हातोडीला फेकते, ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण छोट्या मशीनचा ठोकासुद्धा 2 ज्यूलच्या आसपास, म्हणजे एक किलोचं वजन वीस सेंटिमीटरवरून पडावं तसा. तिथे रेटायचं नसतं, नुसतं धरायचं. त्याचं बिटही वेगळं, मागे खाचा असलेलं, एसडीएस म्हणतात, ते माझ्या चकमध्ये बसतच नाही. मग दोन्ही खोक्यांवर 'हॅमर' का लिहिता? एकावर 'विटेपुरतं' असं लिहायला शाई संपते का? वॉट मोठे छापतात, ज्यूल शोधायला भिंग लागतं, आणि माझ्या खोक्यावर तर ज्यूल नव्हताच.

त्यात हातात धरलं की पिस्तूल धरल्यासारखं वाटतं, तोही एक घोळ. ती पिस्तुलाची मूठ आणि ट्रिगर 1917 च्या अमेरिकन पेटंटमधला, ब्लॅक आणि डेकर या दोघांचा. शंभर वर्षं झाली, पुरुषमाणूस ट्रिगर दाबतो आणि त्याला उगाचच वाटतं की आपल्याला जमतंय.

असो. वीस मिनिटांनी भोक झालं एक सेंटिमीटर. बिटाचं टोक निळं पडलं होतं. काका घाम पुसत खुर्चीत बसले, मशीन उलटसुलट करून बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "याने नाही व्हायचं. रोटरी लागतं. माझ्याकडे आहे."

मी बघतच राहिलो.

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही मागितलंत कुठे?"

खाली गेले, घेऊन आले. दहा सेकंद. लोण्यात सुरी. मला हात लावू दिला नाही, मी नुसता वायर धरून उभा. चारही भोकं पाडली, भुगा फुंकला, तो माझ्या डोळ्यात, आणि जाताना दारात म्हणाले, "तुमच्या मशीनचा आवाज फार आहे बुवा, बघा जरा."

ते गेल्यावर मी भोकात स्क्रू पकडणारी प्लास्टिकची गिट्टी घातली. 8 ची गिट्टी. ती सुळकन आत गेली आणि दिसेनाशी झाली. काकांनी 10 चं बिट लावलं होतं.

खाली जाऊन सांगायचं म्हणजे परत तो हात पाठीवर येणार. पडदा सध्या कपाटावर आहे, घडी करून.