गिरणगावाचे चित्र कोणी काढले नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या आठवड्यात माझ्या वडिलांच्या मोबाइलवर त्यांच्या जुन्या चाळीच्या गटातून एक संदेश आला. वडिलांनी कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, सतरा वर्षे काढली आहेत, त्यामुळे गिरणगावाविषयी काहीही आले की ते आधी डोळे पुसतात आणि मग मला वाचून दाखवतात. या वेळी वाचून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘बरोबरच आहे. आमचे चित्र कोण काढणार?’’ हा संदेश त्यानंतर मला आणखी तीन ठिकाणांहून आला. वडिलांचे ते वाक्य ऐकले नसते, तर कदाचित मी तो वाचून सोडून दिला असता.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मुंबईच्या गिरण्यांवर कवींनी लिहिले, शाहिरांनी गायले, पण एकाही चित्रकाराने गिरणगावाकडे ढुंकून पाहिले नाही. ज्यांनी एखादे चित्र काढले ते परदेशात शिकलेले आणि मोटारीच्या काचेतून कामगार पाहणारे होते. 1982च्या संपाने चिमण्या विझल्या आणि त्यानंतर रंगवण्यासारखे काही उरलेच नाही. कामगारांनाही चित्रे पाहण्याची आवड नव्हती. आणि सोबत जोडलेले रंगीत चित्र हे 1940च्या दशकात एका अज्ञात गिरणी कामगाराने काढलेले, गिरणगावाचे ‘एकमेव अस्सल चित्र’ आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत मोठी फसवणूक तिथे आहे. ते चित्र मोठे करून पाहिले की गिरणीच्या दरवाजावरच्या फलकावरील अक्षरे लांबून देवनागरी वाटतात, पण वाचता येत नाहीत. एका ठिकाणी काना आहे आणि त्याला अक्षरच नाही, तर दुसऱ्या ठिकाणी एकाच शब्दाला दोन शिरोरेषा आहेत. पुढच्या माणसाच्या हाताशी डबा आहे, पण त्याची बोटे डब्याच्या कडीतून गेलेलीच नाहीत. हे चित्र कोणत्याही माणसाने काढलेले नाही. संगणकाला चार शब्द सांगून तयार करवून घेतलेली ही प्रतिमा आहे. पाळी सुटल्यावर बाहेर पडणारे सगळे कामगार पांढऱ्याशुभ्र धोतर-टोपीत आणि हसतमुख दाखवले आहेत. ज्या माणसांच्या केसांत, भुवयांत आणि अखेरीस फुप्फुसांत कापसाचे तंतू जाऊन बसत, त्यांना असे धुऊन काढणे हा त्यांच्या कष्टांचा अपमान आहे. त्या गर्दीत एकही बाई नाही. वाइंडिंग आणि रिळिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत स्त्रियाच मोठ्या संख्येने काम करीत, हे गिरणगावातले कोणतेही जुने घर सांगेल. अशा प्रतिमेला ‘अस्सल’ म्हणायचे आणि खऱ्या चित्रकारांना ‘नव्हतेच’ म्हणायचे, हे मला सहन होत नाही.

कारण ते होते. चित्रकार सुधीर पटवर्धन यांचा जन्म 1949चा, पुण्याचा. तेथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन ते 1973मध्ये मुंबईत आले आणि 1975पासून तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले. चित्रकला ते कोणत्याही कलाशाळेत शिकले नाहीत, परदेशातल्या तर नाहीच. ‘मोटारीच्या काचेतून’ या आरोपाला एवढे उत्तर पुरे व्हावे. दिवसभर माणसांच्या छातीचे फोटो पाहणाऱ्या आणि कामगारवस्तीच्या शहरात राहणाऱ्या या डॉक्टरने कष्टकरी माणसाचे शरीर ज्या जवळिकीने रंगवले, तेवढी जवळीक मला आपल्याकडच्या दुसऱ्या कोणत्याही चित्रकारात दिसलेली नाही. 1977चे ‘इराणी रेस्टॉरंट’, 1980चे ‘ट्रेन’ आणि 1981चे ‘अॅक्सिडेंट ऑन मे डे’ ही त्यांची चित्रे संप सुरू होण्यापूर्वीची आहेत. 1981मध्येच ‘प्लेस फॉर पीपल’ हे सहा चित्रकारांचे प्रदर्शन मुंबईत आणि दिल्लीत भरले होते. पटवर्धन यांच्याबरोबर त्यात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, जोगेन चौधरी, विवान सुंदरम आणि नलिनी मलानी होते. साधी माणसे आणि त्यांची ठिकाणे पुन्हा चित्रात आणायची, हाच त्या प्रदर्शनाचा आग्रह होता. चित्रकार गीव्ह पटेल हेही डॉक्टरच. मुंबई सेंट्रलला त्यांचा दवाखाना होता आणि लॅमिंग्टन रोडलगतच्या गल्लीतली गर्दी त्यांनी 1980च्या दशकात अनेक वर्षे खपून एका चित्रात उतरवली. ‘एकाही चित्रकाराने नाही’ या विधानासाठी याहून अधिक जागा खर्च करण्याची माझी तयारी नाही.

संपाविषयीचा मुद्दा मात्र नुसता चुकीचा नाही, तो घातक आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही, हे खरे. हजारो घरे त्यात उद्ध्वस्त झाली, हेही खरे. पण अनेक गिरण्या त्यानंतरही, कमी माणसांवर का होईना, चालू राहिल्या. गिरण्यांच्या जमिनी विकण्याचा रस्ता 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीने मोकळा केला. त्या नियमांत जमिनीचा एक-एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी आणि सार्वजनिक घरांसाठी ठेवण्याची तरतूद होती. 2001च्या दुरुस्तीने हे वाटे संपूर्ण जमिनीऐवजी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जागेवर मोजायचे ठरले, त्यामुळे ते फार आक्रसले. आणि 2006मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती कायम ठेवली. म्हणजे गिरणगाव एका दिवसात विझले नाही. ते वीस-पंचवीस वर्षे कागदोपत्री, टप्प्याटप्प्याने उतरवले गेले. ‘संपाने सगळे संपले’ असे म्हटले की हा सगळा काळ आणि त्यातले सगळे निर्णय नजरेआड होतात, आणि दोष फक्त कामगारांच्या माथी राहतो.

नेमका हाच काळ पटवर्धन यांनी 2001मध्ये ‘लोअर परळ’ या मोठ्या चित्रात रंगवला. त्यात गिरण्यांच्या चिमण्या आहेत, त्यांच्यामागून वर येणाऱ्या नव्या इमारती आहेत आणि या दोहोंच्या मधोमध आपापल्या वाटेने जाणारी माणसे आहेत. जुने वाईट आणि नवे चांगले, किंवा त्याच्या उलट, असा निकाल चित्र देत नाही. दोन्ही काळ एकाच पटलावर एकमेकांना खेटून उभे राहतात आणि पाहणाऱ्याला नजर कुठे ठेवावी हे कळत नाही. त्या वर्षांत परळच्या पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाची अवस्था हीच होती. ‘त्यानंतर रंगवण्यासारखे काही उरलेच नाही’ असे म्हणणाऱ्याने हे एक चित्र पाहावे. 2019च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, नॅन्सी अडजानिया यांच्या संयोजनाखाली, पटवर्धन यांच्या पाच दशकांच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले होते. मी ते दोनदा पाहिले.

आता जे मान्य करणे भाग आहे ते नाइलाजाने मान्य करतो. गिरणीच्या आतले, साच्यांच्या गोंगाटातले जग पटवर्धन यांच्या चित्रांत फारसे नाही. त्यांचा कामगार बहुधा पाळी सुटल्यानंतरचा, रस्त्यावरचा, गाडीतला किंवा हॉटेलातला आहे. त्यांच्या अनेक चित्रांचा मुलूखही परळ नसून ठाणे आहे. त्यांचे 1991चे ‘पोखरण’ हे त्याचे उदाहरण. शिवाय मुंबईच्या नामवंत चित्रकारांपैकी बहुतेकांनी गिरणगावाकडे पाठ फिरवली होती, हेही नाकारता येत नाही. पण बहुतेकांनी पाठ फिरवली आणि कोणीच पाहिले नाही, ही दोन वेगळी विधाने आहेत.

कामगारांना चित्रांची आवड नव्हती, हे म्हणणे लालबाग-परळच्या गणेशोत्सवातले देखावे आणि पडदे पाहायला रात्र-रात्र रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांविषयी आहे, याची नोंद पुरेशी आहे. प्रश्न आवडीचा नव्हता, काळा घोड्याच्या त्या कलादालनांची पायरी चढण्याचा होता. पटवर्धन यांना स्वतःला याची जाणीव होती. समकालीन भारतीय चित्रांचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या शहरांत नेण्याच्या उपक्रमात त्यांनी पुढाकार घेतला होता. मी मात्र 2019मध्ये दोनदा जाऊनही वडिलांना बरोबर नेले नाही, त्यांना जिने चढवणार नाहीत असे स्वतःच ठरवून टाकले, आणि त्याचा मला आज पश्चात्ताप होतो.

त्या संदेशाला उत्तर म्हणून मी वडिलांना ‘लोअर परळ’ची छापील प्रतिमा दाखवली. चष्मा लावून त्यांनी ती बराच वेळ पाहिली, चिमण्यांवर बोट ठेवून काही मोजले आणि हे कोणत्या सालचे, एवढेच विचारले. मी 2001 म्हणालो. ते म्हणाले, ‘‘हां, तेव्हा आमच्या खात्याचे पत्रे उतरवत होते.’’