२० ओहम-मीटर दिसले म्हणून तेल लागत नाही

'गॅमा रे कमी आणि रेझिस्टिव्हिटी जास्त, म्हणजे तेल लागलंच. रेझिस्टिव्हिटी कमी, म्हणजे पाणी, थर सोडा. बाकीचे लॉग बिल वाढवायला.' भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांत अशा अर्थाचा मेसेज सारखा फिरतो. लॉग म्हणजे विहिरीत उपकरण सोडून खोलीनुसार घेतलेली मोजणी: गॅमा रे खडकाची नैसर्गिक किरणोत्सर्गिता सांगतो (शेल, म्हणजे चिकणमातीच्या खडकात ती जास्त), रेझिस्टिव्हिटी विजेला होणारा विरोध, ओहम-मीटरमध्ये. मुलं हे पाठ करून मुलाखतीला जातात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

तेलातून वीज जात नाही, हे खरं. पण दगडातूनही जात नाही. ती जाते छिद्रांतल्या खाऱ्या पाण्यातून. पाणी कमी झालं की आकडा चढतो, मग त्याची जागा तेलाने घेतलेली असो की नुसत्या दगडाने. रेझिस्टिव्हिटीवरून छिद्रांत पाणी किती ते काढणारं १९४२ सालचं आर्चीचं सूत्र लावून बघा, त्यातले दोन्ही घातांक २ धरून. पाण्याची रेझिस्टिव्हिटी ०.०५ आणि सच्छिद्रता, म्हणजे खडकातला छिद्रांचा वाटा, २० टक्के असेल, तर पाण्याने पूर्ण भरलेला थर १.२५ ओहम-मीटर दाखवेल. तिथे २० दिसले तर छिद्रांत पाणी फक्त २५ टक्के, थर उत्तम. आता सच्छिद्रता ५ टक्के करा. निव्वळ पाण्याचा थरच २० दाखवतो! पाणी गोडं, म्हणजे ०.८ चं असेल, तर २० टक्के सच्छिद्रतेलाही पुन्हा तेच २०.

गॅमा रेचा आधारही इथे तोकडा. स्वच्छ चुनखडकात तो कमीच असतो. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचा मुख्य उत्पादक थर, एल-३, चुनखडकाचाच आहे. अशा खडकातला घट्ट, जवळपास बिनछिद्रांचा पट्टा मेसेजमधल्या दोन्ही अटी आरामात पूर्ण करतो.

'कमी म्हणजे पाणी' हा समज मला जास्त घातक वाटतो, कारण सोडलेला थर केसिंगमागे, म्हणजे विहिरीतल्या पोलादी नळीमागे, जातो आणि पुन्हा कुणी त्याकडे बघेलच असं नाही. वाळू आणि शेलचे पातळ थर एकाआड एक असले की उपकरण त्यांची सरासरी वाचतं, आणि शेलमुळे ती खाली येते. बारीक कणांच्या वाळूत पाणी कणांना चिकटून असतं. ते वीज वाहतं, पण विहिरीत येत नाही. अशा थरातून २-३ ओहम-मीटरलाही तेल निघतं.

राहिलं बिलाचं. सूत्रात घालायची सच्छिद्रता न्यूट्रॉन आणि डेन्सिटीसारख्या लॉगांशिवाय आणणार कुठून? न्यूट्रॉन लॉग हायड्रोजनवरून ती काढतो, डेन्सिटी लॉग खडकाच्या घनतेवरून. वायूच्या थरात हायड्रोजन विरळ आणि घनताही कमी, म्हणून न्यूट्रॉन सच्छिद्रता कमी दाखवतो आणि डेन्सिटी जास्त; दोन रेषा एकमेकींना ओलांडतात. शेल वाढला की ही खूण झाकली जाते. तेव्हा वेगवेगळ्या खोलीवर थराचा दाब मोजावा लागतो: खाऱ्या पाण्यात तो फुटामागे साधारण ०.४५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) वाढतो, तेलात ०.३५ च्या आसपास, वायूत ०.१ च्या.