दुबळ्यांना मागे टाकणारा गट तरतो, हे खरे नाही

उजनी धरणाची पातळी खाली गेली आणि सोलापुरात नळाला पाणी येण्याचे दिवस लांबले की एक संदेश मोबाइलवर हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: बुडत्या होडीत सर्वांना जागा नसते, भीषण संकटात माणुसकी परवडत नाही, म्हातारे, आजारी आणि बाहेरून आलेले यांना जो गट वेळीच सोडतो तोच जगतो. होडीची ही मांडणी जुनी आहे. गॅरेट हार्डिन या अमेरिकन अभ्यासकाने १९७४ साली श्रीमंत देशांनी गरीब देशांना मदत करू नये, हे सांगण्यासाठी ती वापरली होती. आपल्या जिल्ह्यात ती शहाणपण म्हणून पसरावी, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तिला खोटे पाडणारा पुरावा इथल्याच मातीत आहे.

होडीतली जागा ठरलेली असते, हे तिचे पहिले गृहीतक. १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रातील धान्याचे उत्पादन नेहमीच्या निम्म्यावर आले आणि सोलापूर जिल्हा होरपळलेल्या भागातच होता. तरीही भूकबळींची लाट आली नाही. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. सांगोला-मंगळवेढ्याकडची वडीलधारी माणसे खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या त्या कामांबद्दल, मिलो या परदेशी ज्वारीच्या लालसर भाकरीबद्दल आणि सुकडी या पौष्टिक खाऊबद्दल आजही सांगतात. या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना असे आढळले की धान्याच्या खाण्यातली घट मजुरांपासून मोठ्या शेतकऱ्यांपर्यंत बऱ्याच समान प्रमाणात वाटली गेली होती. टंचाई खरीच होती, पण ती सर्वांच्या ताटात थोडी थोडी आली, म्हणून कोणाचे ताट पूर्ण रिकामे राहिले नाही.

याच्या उलट १८७६-७८ चा दुष्काळ पाहावा. सोलापुरापर्यंत रेल्वे १८६० सालीच आली होती, बाजारात धान्य येत होते, पण भुकेल्यांच्या हाती पैसा नव्हता, आणि सरकारी खर्च वाचवण्यासाठी रिचर्ड टेंपल या ब्रिटिश अधिकाऱ्याने दिवसभर राबणाऱ्या माणसाला जगण्यासाठी एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य पुरेल असे ठरवले. होडीत जागा किती, हे त्या वेळी निसर्गाने ठरवले नव्हते, हिशेब ठेवणाऱ्याने ठरवले होते.

दुसरा मुद्दा प्रत्यक्ष घटनांचा. संदेशात १८८४ सालच्या ‘मिन्योनेट’ या नौकेचा दाखला असतो. ती बुडाल्यावर होडीत उरलेल्या चौघांपैकी दोघांनी सतरा वर्षांच्या, आजारी पडलेल्या पोऱ्याला मारले आणि तिघे त्याच्या मांसावर जगले. ते त्यामुळेच वाचले असतील, हे मी नाकारत नाही. मात्र चिठ्ठ्या टाकल्या गेल्या नाहीत, त्या मुलाला कोणी विचारले नाही, आणि चार दिवसांत दुसरे जहाज आले. इंग्लंडच्या न्यायालयाने नेमका हाच प्रश्न केला की कोणाचा जीव घ्यायचा, याचा निवाडा करणारा कोण. आणि दोघांना खुनाबद्दल दोषी धरले, जरी शिक्षा पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली.

ज्या घटनेबद्दल संदेश गप्प राहतो ती १९७२ सालची अँडीज पर्वतातली आहे. ४५ जणांचे विमान बर्फात कोसळले आणि ७२ दिवसांनी १६ जण जिवंत परतले. त्यांनी मृतांचे मांस खाल्ले, पण जगण्यासाठी कोणाला मारले नाही, आणि आपण मेलो तर आपला देह इतरांनी वापरावा, असे एकमेकांना सांगून ठेवले. नांदो पॅरादो हा तरुण डोक्याला मार लागून तीन दिवस बेशुद्ध होता आणि तो जगणार नाही, असेच सर्वांनी धरले होते. संदेशाच्या हिशेबाने पहिला टाकून द्यायचा तो हाच. शेवटी कानेसा या सोबत्याबरोबर दहा दिवस पर्वत तुडवून मदत आणली ती याच पॅरादोने.

निसर्गात दुबळे मागेच पडतात, हा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. इराकमधील शानिदार गुहेत सापडलेला निअँडरथल या प्राचीन मानवजातीचा पुरुष एका हाताने अधू होता, एका डोळ्याने त्याला बहुधा दिसत नव्हते, तरी तो त्या काळाच्या मानाने म्हातारा होईपर्यंत जगला.

डॉक्टरही निवड करतातच, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जखमी सोलापूरच्या रुग्णालयांत आले, तेव्हा सर्वांवर एकाच क्षणी उपचार होणे शक्य नव्हते. परंतु अशा वेळी कोणाला तातडीची गरज आहे आणि उपचाराने कोण वाचू शकेल, हे पाहिले जाते, कोणाचे जगणे अधिक मोलाचे, हे नव्हे. आणि थांबवलेल्या रुग्णाकडे पुन्हा पुन्हा वळावेच लागते. रांगेत मागे ठेवणे आणि रांगेबाहेर काढणे यांत हा फरक आहे.

शेवटी संदेशात, दुष्काळात सरकारी कोठार भुकेल्यांना खुले करणाऱ्या मंगळवेढ्याच्या संत दामाजीपंतांना ‘भावनेच्या भरात सरकारी कोठार उधळणारा अधिकारी’ म्हटलेले असते. विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बीदरला जाऊन रक्कम भरली, ही श्रद्धेची बाजू क्षणभर वेगळी ठेवू. दुष्काळात कोठाराला कुलूप लावून धान्य राखले, तर पुढच्या पावसाळ्यात नांगर धरायला आणि तिफण चालवायला गावात माणूस लागतो, तो कुठून येणार होता? बीदरचा सारा त्याच माणसाच्या शेतातून जात होता.