“पावडर टाकूनही सोंडे जिवंत” ह्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. एक स्टार, आणि म्हणणं असं की गव्हात पावडर मिसळून आठवडा झाला तरी सोंडे फिरतायत, वर “जैविकच्या नावाखाली माती विकता”.

फोटो टाकलात ते बरं केलंत, कारण त्यात किड्याची सोंड पण दिसतेय आणि दाण्याची भोकं पण. आमची पावडर बीटीची आहे, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी नावाच्या बॅक्टेरियाची, आणि ती फक्त पतंगाच्या अळीवर चालते, जी धान्यात वर वर जाळी करते ती. सोंडे, भुंगेरे ह्यांच्यावर नाही चालत, दुप्पट टाकली तरी नाही. पाकिटावर तसं लिहिलंय, पुढच्याच बाजूला.

हे अंगाला लागून मारणारं औषध नाहीये, अळीच्या पोटात जावं लागतं, मग तिथे त्यातलं प्रोटीन विरघळून आतड्याला भोकं पाडतं, अळी काही तासांत खायचं सोडते पण मरायला दोन-तीन दिवस घेते. सोंड्याची मादी दाणा पोखरून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते, अळी आतच खाते आतच वाढते, तिला बाहेरची पावडर मिळणार कुठून? (मिळाली तरी हा प्रकार भुंगेऱ्यांच्या जातीवर काम करत नाही ते वेगळंच.) जर्मनीत 1911 साली हा बॅक्टेरिया सापडला तोही पिठातल्या पतंगाच्या अळीत, म्हणजे माती नक्कीच नाही.

“गोळी टाकली असती तर दोन दिवसांत साफ” असंही तुम्ही म्हणताय. गोळीने सोंडे मरतात हे बरोबर, तिच्यातून निघणारा फॉस्फिन गॅस दाण्याच्या आत पण पोचतो, पण दोन दिवस त्याला पुरत नाहीत. आणि तो माणसालाही मारतो, राहत्या घरात ती गोळी कृपया नकोच, आणि गॅस उडून गेला की नवीन कीड लागायला मोकळी.

आता तुमच्या गव्हाचं. चाळलं तर फक्त बाहेरचे निघतील, आतले महिनाभरात बाहेर पडतातच, म्हणून थोडा असेल तर उणे 18 डिग्रीला डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा, नंतर कोरड्या घट्ट डब्यात. ओलावा 12 टक्क्यांच्या आत पाहिजे.

उघडलेलं पाकीट जाळीवाल्या अळीसाठी ठेवा, वरच्या 10 सेंमी थरातच मिसळायचं, आणि गरज नसताना नको, कारण 1985 सालीच अमेरिकेत धान्यातल्या अळीत बीटीला रेझिस्टन्स दिसलाय, म्हणजे अळी त्याला दाद देईनाशी झाली. सीलबंद दुसरं पाठवून द्या, त्याचे पैसे परत करतो, उघडलेल्याचे नाही. पुढच्या वेळी ऑर्डरच्या आधी किड्याचा फोटो पाठवा, चालणार नसेल तर आम्हीच नको सांगू.