‘इमॅन्सिपेट’ आणि लिंकन: एका फॉरवर्डची उलटतपासणी

इंग्रजी शब्दसंपदेच्या फॉरवर्डमधून एक दावा वरचेवर येतो: ‘इमॅन्सिपेट’ म्हणजे गुलामाला मुक्त करणे, हा शब्द लिंकनने इंग्रजीला दिला, आणि ‘रिलीज’ किंवा ‘लिबरेट’च्या जागी तो बिनदिक्कत वापरावा.

घोळ मुळापासूनच आहे. रोमन कायद्यात गुलामाच्या सुटकेला ‘मॅन्युमिसिओ’ म्हणत. ‘इमॅन्सिपाशिओ’ व्हायची ती पोटच्या पोराची. बाप हयात असेतो मुलगा चाळिशीला टेकला तरी बापाच्याच अधिकाराखाली. कमावलेलंही कायद्याने बापाचं. इ.स.पू. ४५०च्या सुमाराच्या बारा पाट्यांच्या कायद्यात एक कलम होतं: बापाने मुलाला तीनदा विकलं, तर त्याचा हक्क संपला. हेतू बहुधा अशा बापाला वेसण घालण्याचा असावा, पण पुढे त्याच कलमातून सुटकेची वाट काढली गेली. पाच साक्षीदार आणि तराजू धरणारा एक माणूस जमायचा. विश्वासातला कुणी तरी ब्राँझचा तुकडा तराजूवर टेकवून मुलाला ‘विकत’ घ्यायचा आणि लगेच सोडून द्यायचा. मुलगा पुन्हा बापाच्या ताब्यात! मग दुसऱ्यांदा तेच, आणि तिसऱ्या विक्रीला बापाचा हक्क कायमचा सुटायचा. मुलीला मात्र एकच विक्री पुरे. (हा पक्षपात नेमका कुणाच्या पथ्यावर पडायचा, देव जाणे.)

लिंकनचं श्रेय तर सरळ चूक आहे. हे क्रियापद इंग्रजीत सतराव्या शतकापासून आहे. ब्रिटनमध्ये १८२९च्या कायद्याने कॅथलिकांना संसदेत बसण्याची मुभा मिळाली. तिला ‘कॅथलिक इमॅन्सिपेशन’ म्हणतात, आणि त्यात गुलाम कुणीच नव्हतं. १ जानेवारी १८६३चा लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा ‘इमॅन्सिपेशन’च्याच नावाने ओळखला जातो खरा, पण त्याच्या मजकुरात हे क्रियापद नाही. तिथे साधं ‘फ्री’ आहे. आज हा शब्द ऐकला की आधी गुलामगिरी आठवते, एवढं मात्र मान्य.

आता अदलाबदलीचं. ओलीस ‘रिलीज’ होतो, कारण त्याला कोंडलेलं असतं. ऑगस्ट १९४४मध्ये पॅरिस ‘लिबरेट’ झालं, कारण शहरावर परक्या फौजेचा कब्जा होता. ‘इमॅन्सिपेट’ला कुलूप लागत नाही आणि फौजही लागत नाही, लागतो तो कायद्याने किंवा रूढीने दुसऱ्याच्या हाती दिलेला अधिकार. म्हणून शिक्षा भोगून बाहेर आलेल्या कैद्याला हे क्रियापद लावलं की वाक्य खटकतं. उलट अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सतरा वर्षांच्या मुलीला कोर्ट आईवडिलांच्या ताब्यातून मोकळं करतं, तेव्हा तिला ‘इमॅन्सिपेटेड मायनर’ म्हणतात. तिला कुणी कोंडलेलं नसतं. फक्त करारावर सही आता तिची तिने करायची असते.