हसलात ना पंगतीत?

आज साखरपुड्याच्या पंगतीत एक पाहुणे (नाव घेत नाही, लिस्टमध्ये आहेत, वाचतीलच) मोठ्यानं म्हणाले, "फेसबुकचा मेल आला म्हणून कोणी पासवर्ड देतं का? डोकं वापरावं माणसानं." सगळी पंगत हसली. दोन पानं पलीकडे वहिनी जिलबी वाढत होती. तीही हसली. ते हसणं बघून माझी जेवणावरची वासनाच उडाली.

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. वहिनीचं फराळाचं पेज होतं, एकेक गिऱ्हाईक जोडून उभं केलेलं. दिवाळीच्या दहा दिवस आधी, रात्री 11 वाजता, भाजणीचे हात पदराला पुसत तिनं मेल उघडला. वर निळा लोगो, पाठवणारा 'फेसबुक सपोर्ट'. तुमच्या पेजवर दुसऱ्याचा फोटो आहे, 24 तासांत अपील करा, नाहीतर पेज कायमचं बंद. खाली बटण.

आणि तिनं खरंच एकदा शंकरपाळ्यांचा फोटो नेटवरून उचलून टाकला होता! स्वतःचा काळपट आला म्हणून. चोराला हे काय माहीत, त्यानं अंधारात दगड मारला. पण बरोबर लागला. पासवर्ड दिला, फोनवर आलेला सहा आकडी कोडही दिला. टू-फॅक्टर (पासवर्डनंतर फोनवर येणारा कोड) लावलं की सुटलो म्हणणाऱ्यांनो, कोड आपणच त्यांच्या पानावर टाकला तर ते लगेच तो खऱ्या साइटवर टाकून आत शिरतात.

हो, पत्ता बघायला हवा होता. मान्य. मोबाईलवर नुसतं नाव दिसतं, त्यावर बोट लावलं की पत्ता उघडतो. पण फेसबुकचे खरे मेल येतात 'फेसबुकमेल डॉट कॉम'वरून. मला विचारलं असतं तर मी तोच खोटा ठरवला असता! फेसबुकनं पाठवलेल्या मेलची यादी तिथल्या सेटिंगमध्येच असते, हे तरी त्या पाहुण्यांना ठाऊक आहे का?

मला कळलं दोन दिवसांनी. "वहिनींना 5 हजार अर्जंट कशाला हवेत?" असा एका गिऱ्हाइकाचा फोन आला. घरी गेलो तर वहिनीचा फोन पिठाच्या डब्यामागे पालथा.

"आधी का नाही सांगितलंस?"

"भावजी, तुम्ही हसाल म्हणून."

मागे तिला लॉटरीचा मेसेज आला होता, तेव्हा मी चारचौघांत तिची नक्कल केली होती. सगळ्यांना हसवलं होतं. मी विसरलो, ती नाही विसरली.

त्या दोन दिवसांत चोरानं वहिनीच्या नावानं गिऱ्हाइकांकडे पैसे मागितले, त्यातल्या दोघींचे गेले. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन केला तर रक्कम वाटेत अडवता येऊ शकते. आम्ही केला तेव्हा खात्यात काही उरलं नव्हतं. वहिनीनं दोघींना स्वतःच्या कमाईतून भरून दिलं.

आयटी कायद्याच्या 66ड कलमात अशा तोतयाला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. फसलेल्याला कायद्यात शिक्षा नाही, ती तुम्ही आज जिलबीबरोबर वाढलीत.

जाऊ दे. वहिनीनं नवीन पेज काढलंय. शंकरपाळ्यांचा फोटो स्वतःचा आहे, काळपटच.

हे लिहितोय तोवर ती फोन घेऊन आली. "भावजी, हा मेल खरा आहे का बघा बरं." पाच मिनिटं झाली, बघतोय. अजून सांगता येत नाहीये.